पर्वकाळ आणि पाण्याचा हिशेब

धर्माबाद हे मिरचीच्या बाजाराचे आणि दोन भाषांचे गाव. सिकंदराबादकडे निघालेल्या गाडीला धर्माबाद सोडले की लगेच बासर लागते आणि महाराष्ट्र संपून तेलंगणा सुरू होतो. बासरची ज्ञानसरस्वती म्हणजे या टापूतल्या मराठी घरांचेही अक्षराभ्यासाचे दैवत. देऊळ गोदावरीच्या अगदी जवळ आहे, तरीही परंपरा या क्षेत्रात आठ तीर्थे मोजते: इंद्र, सूर्य, व्यास, वाल्मीकी, विष्णू, गणेश, पुत्र आणि शिव. दारात गंगा असताना आठ कुंडे कशाला हवीत? (इकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.) सोपे उत्तर असे की ही नदी हिमालयातली नाही. ती पावसावर चालते आणि चैत्र-वैशाखात तिच्या पात्रात वाळूच जास्त दिसते, म्हणून बारमाही स्नानाची सोय काठावर करून ठेवली. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. कुंड ही नदी आटल्यावरची पर्यायी व्यवस्था असती, तर खुद्द गोदावरीच्या उगमापाशी, सिंहस्थासारख्या भर पावसाळ्यातल्या पर्वात, साधूंचे आखाडे आणि लाखो भाविक त्र्यंबकेश्वरच्या एका चौकोनी दगडी कुंडात उतरायला का धडपडले असते? तीर्थ म्हणजे कोणी तरी मुद्दाम अडवलेले किंवा काढलेले पाणी, आणि स्नानपर्व म्हणजे त्या पाण्याचा हिशेब चारचौघांत मांडला जाण्याचा दिवस, असे मानले तर या प्रश्नाचे उत्तर सापडते. तो हिशेब नेहमी नीट मांडला गेला असे नाही, आणि तो सगळ्यांसाठी मांडला गेला असे तर मुळीच नाही.

कुशावर्ताची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. गौतम ऋषींच्या हातून गोहत्येचे पातक घडले, त्याच्या निरसनासाठी त्यांनी तप केले आणि शंकराने ब्रह्मगिरीवर गंगा सोडली. पण गंगा एका जागी थांबेना. इथे दिसायची, तिथे गुप्त व्हायची. अखेर गौतमांनी कुश म्हणजे दर्भ टाकून तिला वेढा घातला आणि अडवले. तेच कुशावर्त. आता ब्रह्मगिरीचा खडक पाहा. हा सह्याद्रीचा काळा बेसाल्ट, लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेला. काही थर भेगाळ आणि सच्छिद्र, काही घट्ट. सच्छिद्र थरात मुरलेले पाणी घट्ट थरावर आले की कड्याच्या अंगातून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते, थोडे वाहते आणि पुन्हा मुरते. उगमाजवळची गोदावरी खरोखरच दिसते आणि गुप्त होते. ही कथा रचणाऱ्यांनी डोंगराचे पाणी नीट पाहिलेले होते, असे मानायला हरकत नाही. पण त्यांनी मुख्य स्नानाचा मान झऱ्याला दिला नाही, जिथे पाणी अडवले गेले त्या जागेला दिला. होळकरांचे फडणवीस रावसाहेब पारनेरकर यांनी पुढे बांधून काढले म्हणून सांगतात ते कुंड त्याच जागेवर आहे.

नांदेड जिल्ह्यातल्या तीर्थकथाही याच वळणाच्या आहेत. माहूरला परशुरामाने आईवडिलांच्या अंत्यविधीसाठी बाण मारून पाणी काढले, ते मातृतीर्थ. किनवटकडे पैनगंगेच्या खोऱ्यात उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे रामाने शरभंग ऋषींची व्याधी बरी व्हावी म्हणून बाण मारला, असे सांगतात. कथा वेगवेगळ्या असल्या तरी प्रत्येकीत पाणी आपोआप येत नाही. कोणी तरी गरजेपोटी काही तरी करतो, मग पाणी येते किंवा थांबते. कंधारला तर कथेचीही गरज पडली नाही. तिथल्या विस्तीर्ण तलावाला जगत्तुंग सागर म्हणतात, आणि जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद. तलाव कोणाच्या काळाचा, हे नावातच सांगितलेले. ज्याला इतिहास बांधकाम म्हणतो त्यालाच पुराण तप किंवा बाण म्हणते. याने श्रद्धेचा अपमान होत नाही. पाणी साठवण्याचे काम या समाजाने किती वरच्या पायरीवर ठेवले होते, एवढेच त्यातून दिसते.

आता वेळेकडे वळू. गुरू म्हणजे बृहस्पती हा ग्रह सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांत पूर्ण करतो, म्हणजे राशिचक्रातल्या एका राशीत तो साधारण एक वर्ष असतो. गुरू सिंह राशीत आला की गोदावरीचा सिंहस्थ, कन्येत आला की कृष्णेचा कन्यागत. वाई आणि नरसोबाच्या वाडीच्या लोकांना कन्यागत नवा नाही. तेलुगू मुलखात हीच योजना बारा नद्यांना बारा राशी वाटून देऊन पुष्करम् या नावाने चालते. म्हणून धर्माबादच्या माणसाला पुष्करम् हा पलीकडच्या राज्याचा सण वाटायचे कारण नाही. एकाच ग्रहाच्या एकाच संक्रमणावर त्र्यंबकला तेरा महिने चालणारा सिंहस्थ बसवला आहे आणि बासरला बारा दिवसांचे पुष्करम्. कावेरीकाठच्या कुंभकोणमचा महामहम् उत्सवही याच घड्याळावर चालतो. गुरू सिंहेत असताना माघी पौर्णिमेच्या सुमारास तिथल्या देवळांच्या तळ्यात सामुदायिक स्नान होते. या तळ्याच्या आत विहिरी आहेत आणि पर्वाच्या दिवशी देशातल्या पवित्र नद्या तिथे येतात अशी श्रद्धा आहे. व्यंकोजी भोसल्यांपासून तंजावरच्या ज्या मराठी राजांचा अंमल त्या मुलखावर होता, त्यांना सिंहेतला गुरू कोणी नव्याने समजावून सांगावा लागला नसेल. मागचा महामहम् २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झाला, म्हणजे नाशिकच्या २०१५-१६ च्या सिंहस्थाच्या पोटातच.

बाराला थोडे कमी पडणारी ०.१४ वर्षे साचत जातात आणि सात फेऱ्यांनंतर जवळजवळ वर्षभराचा फरक पडतो. त्यामुळे कधी कधी पर्व अकरा वर्षांतच येते. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ मध्ये झाला तो यामुळेच. शिवाय पृथ्वीवरून पाहताना गुरू काही महिने मागे सरकल्यासारखा दिसतो. या वक्री चालीमुळे येत्या पर्वात एक गंमत झाली आहे. गुरू सिंहेत शिरतो ३१ ऑक्टोबर २०२६ ला, आणि नाशिक-त्र्यंबकची ध्वजा त्याच दिवशी चढायची आहे. पुढे तो मागे कर्केत जाऊन जून २०२७ च्या अखेरीस पुन्हा सिंहेत येतो. आंध्र सरकारने पुष्करम् जाहीर केले आहे ते २६ जून ते ७ जुलै २०२७. या तारखेवर लेखाच्या शेवटी पुन्हा यायचे आहे.

या बारा वर्षांच्या अंतराने व्यवहारात काय साधते, हे पाहण्यासारखे आहे. घाट ढासळायला, कुंडात गाळ भरायला, नाल्याचे तोंड गुपचूप नदीकडे वळायला दहा-बारा वर्षे पुरतात. आणि मागच्या वेळी काम केलेली माणसे अजून हयात असतील, एवढे हे अंतर जवळचेही आहे. ग्रहगणिताने हे ठरवून केले असे मी म्हणत नाही. पण पर्व जवळ आले की नगरपालिका, देवस्थान आणि सरकार यांना घाट मोजावे लागतात, गाळ काढावा लागतो, सांडपाण्याची चर्चा उघडपणे करावी लागते. कुंभकोणमला पर्वाआधी तळे रिकामे करून साफ करतात. एरवी कोणते सरकारी खाते एखादे तळे तळापर्यंत पाहायला जाते? कुंडाचा विशेष गुण असा की त्याला काठ आहेत. नदीत किती माणसे मावतील याचा विचार टाळता येतो, कुंडात टाळता येत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्र्यंबकला शैव आणि वैष्णव आखाड्यांत स्नानाच्या मानावरून रक्तपात झाला, आणि त्यानंतर पेशव्यांनी शैवांना त्र्यंबकचे कुशावर्त आणि वैष्णवांना नाशिकचे रामकुंड नेमून दिले, असे परंपरा सांगते. भांडण मानापमानाचे असले तरी तोडगा जागेच्या हिशेबाचा होता, आणि तो अजून पाळला जातो. हा हिशेब चुकला तेव्हा काय झाले तेही नोंदलेले आहे. १९९२ च्या महामहम् उत्सवात सुमारे पन्नास माणसे चेंगरून मेली, २००३ मध्ये नाशिकला एकोणचाळीस, आणि १४ जुलै २०१५ रोजी, पुष्करम्‌च्या पहिल्याच सकाळी, राजमहेंद्रीच्या घाटावर सत्तावीस. पर्वाने व्यवस्था आपोआप सुधारते असे कोणी म्हणू नये. ते फक्त तिची परीक्षा ठरल्या दिवशी आणि सगळ्यांसमोर घेते.

पहिला आक्षेप स्वच्छतेचा आहे आणि तो बिनतोड वाटतो. हजारो माणसे एका कुंडात उतरली की पाणी शुद्ध होत नाही, बिघडते. २०१५ च्या सिंहस्थात गोदावरीच्या पाण्याचे नमुने घेऊन पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा स्नानाच्या काळात जिवाणूंचा भार कितीतरी पटींनी वाढलेला आढळला. कुशावर्ताचे पाणी यंत्राने गाळून फिरवावे लागते ते उगीच नाही. मराठवाड्याला तर पायऱ्यांच्या पाण्याचा आणखी एक कडू अनुभव आहे, तो नारूचा. नारूचा रोगी बारवेत पाय बुडवी, जखमेतून अळ्या पाण्यात उतरत, पाण्यातले सूक्ष्म जलचर त्या गिळत आणि ते पाणी जो पिई त्याच्या अंगात वर्षभराने हातभर लांबीचा जंत तयार होई. १९८० च्या दशकात देशभर मोहीम निघाली, पायऱ्यांच्या विहिरी बंद किंवा बंदिस्त झाल्या, हातपंप आले, पाणी गाळून पिण्याची सवय लावली गेली आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. ज्या सुंदर बारवांचे फोटो आज आवडीने काढले जातात, त्यांतल्या अनेकींनी माणसे लंगडी केली, हे विसरून चालणार नाही.

पण या इतिहासाने पर्वाविरुद्ध काय सिद्ध होते? नारू पसरला तो रोजच्या पिण्याच्या पाण्यात रोज पाय घातल्यामुळे. ज्या क्षेत्रात स्नानाचे कुंड वेगळे आणि पिण्याचा झरा वेगळा ठेवलेला असतो, तिथे निदान तत्त्व तरी माहीत होते असे म्हणता येते; माहूरच्या किंवा तुळजापूरच्या क्षेत्रात एकाहून अधिक तीर्थे असण्यामागे धार्मिक कारणांबरोबर हा व्यवहारही असू शकेल. ही वाटणी सगळीकडे पाळली गेली नाही, हा दोष खरा. म्हणून इथे आक्षेपकाचे म्हणणे निम्मे मान्य करावे लागते. हिशेबात पाण्याचे प्रमाण आणि माणसांची संख्या धरली गेली, घाण धरली गेली नाही. ती आजही पुरती धरली जात नाही. पर्वाच्या आधी सहा महिने नाले वळवायचे आणि पर्व संपले की पुन्हा सोडून द्यायचे, हा प्रकार कुठल्याच शास्त्रात बसत नाही.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. पाण्याचा हिशेब सार्वजनिक होता म्हणता, मग त्या सार्वजनिकात कोण होते? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी पाणी प्यायला गेले, तेव्हा ते तळे कागदावर सगळ्यांना खुले होते. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला होता आणि पुढे महाडच्या नगरपालिकेनेही तो स्वीकारला होता. तरी पाणी प्यायल्याबद्दल लोकांना मार खावा लागला आणि नंतर तळे ‘शुद्ध’ करून घेतले गेले. प्रकरण कोर्टात गेले. तळे खासगी मालकीचे आहे की सार्वजनिक आणि बंदीची रूढी अनादी आहे का, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्य ठरवलेल्यांच्या बाजूने निकाल दिला. जनावरे ज्या तळ्यावर पाणी पीत होती तिथे माणसांना बंदी होती, तर तीर्थाची सगळी पुराणे बाजूला ठेवून आधी याचे उत्तर द्यायला हवे. नाशिकला १९३० मध्ये काळाराम मंदिरासाठी जो सत्याग्रह सुरू झाला तो रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर.

या आक्षेपापुढे माझा मुद्दा टिकतो, पण जसाच्या तसा टिकत नाही. तीर्थाच्या पाण्याचा हिशेब होत होता, पण वाटेकऱ्यांची यादी अपुरी होती, आणि ती अपुरी राहावी यासाठी पावित्र्याचीच भाषा वापरली गेली. मात्र महाडचा लढा नेमका पाण्याच्या जागी झाला, तेही सगळ्यांसमोर ओंजळीने पाणी पिऊन, याचे कारण हेच की सार्वजनिक पाण्याला हात लावणे म्हणजे समाजात असणे, ही समजूत दोन्ही बाजूंना मान्य होती. तळ्याला तेवढा अर्थ नसता तर ना बंदी घालायची गरज पडली असती, ना ती मोडायची.

तिसरा आक्षेप आजचा आहे: माणसांना प्यायला पाणी नसताना स्नानासाठी धरण का सोडायचे? २०१५ मध्ये देशात पाऊस सरासरीच्या ८६ टक्के झाला आणि मराठवाड्यात त्याहून पुष्कळ कमी. बासरला पुष्करम्‌च्या दिवसांत नदीत पाणी तुटपुंजे होते, काठावर फवारे लावून स्नानाची सोय करावी लागली. नाशिकला शाही स्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडण्याचा विषय मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने सरकारला धारेवर धरले. त्याच शरद ऋतूत नाशिक-नगरच्या धरणांतून बारा टीएमसीहून अधिक पाणी जायकवाडीसाठी सोडायचा आदेश निघाला आणि नाशिककरांनी त्याला विरोध केला. पुढच्या एप्रिलमध्ये, सिंहस्थाचे वर्ष अजून चालू असतानाच, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. १२ एप्रिल २०१६ ला पोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर. लातूरच्या पाणी भरण्याच्या ठिकाणी त्या आधीच्या महिन्यात जमावबंदी लागू करावी लागली होती.

स्नानासाठी पाणी सोडू नये, हे अशा वर्षी मला सरळ पटते. फवाऱ्याखालच्या स्नानाने धर्म बुडत नाही. प्रोक्षणाला स्नान मानण्याची तरतूद शास्त्रात पूर्वीपासून आहे. पण पाणी वाया जाण्याचा सगळा दोष पर्वाच्या माथी मारणे बरोबर नाही. शाही स्नानाचे पाणी न्यायालयापर्यंत पोचले, कारण त्याला तारीख होती, वेळ होती आणि सगळ्यांचे डोळे तिकडे होते. त्याच नदीच्या खोऱ्यात उसाला वर्षभर जे पाणी जाते त्याला अशी एक तारीख नसते, म्हणून त्यावर याचिकाही तितकी सोपी नसते. २०१५ मध्ये पर्वाने पाणी दिले नाही, हे खरे. पण गोदावरीत पाणी नाही ही गोष्ट दोन राज्यांतल्या लाखो लोकांनी पात्रात उभे राहून एकाच पंधरवड्यात पाहिली.

आता धर्माबाद तालुक्यातला बाभळी बंधारा. श्रीरामसागर म्हणजे पोचमपाड धरणाचा फुगवटा गोदावरीत मागे महाराष्ट्राच्या हद्दीत शिरतो, आणि त्या फुगवट्याच्या पट्ट्यातच महाराष्ट्राने चौदा दरवाजांचा हा बंधारा बांधला, साठा २.७४ टीएमसी. खालच्या राज्याला वाटले आपले पाणी अडते. २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आमदारांसह बंधाऱ्याकडे निघाले आणि धर्माबादला अटकेत राहिले. बंधाऱ्यावरच्या खटल्याने या गावाचे नाव दिल्लीपर्यंत नेले. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर उचललेले राहतील, त्यानंतर महाराष्ट्राने पाणी अडवावे आणि दर वर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडावे. देखरेखीला तीन सदस्यांची समिती. पात्र अडवणे, ठरल्या दिवशी मोकळे करणे आणि त्यावर साक्षीदार नेमणे, हे कुशावर्ताच्या दर्भाइतकेच जुने काम आहे, फक्त पंचांगाच्या जागी न्यायालयाचा आदेश आला आहे.

२०२७ मध्ये ही दोन पंचांगे एकमेकांत येतील. पुष्करम् २६ जूनला सुरू होईल तेव्हा बाभळीचे दरवाजे बंद असतील आणि १ जुलैला, पर्वाच्या सहाव्या दिवशी, ते उघडावे लागतील. पाऊस लवकर झाला तर पहिल्या पाच दिवसांत बंधाऱ्यामागे पाणी असेल आणि बासरच्या घाटावर मागणी असेल. मृग आणि आर्द्रा कोरडे गेले तर दरवाजे उघडूनही खाली जायला फारसे काही नसेल, २०१५ सारखे. मग पाच दिवस आधी थोडे पाणी सोडायचे का, किती, आणि ते बाभळीकाठच्या शेतकऱ्यांच्या वाट्यातून जाणार की ०.६ टीएमसीच्या हिशेबात धरले जाणार, हा प्रश्न ऐन जूनमध्ये पत्रापत्रीत न अडकता देखरेख समितीपुढे आदल्या वर्षीच ठेवता येईल. नांदेडचा पाटबंधारे विभाग आणि बासर ज्या जिल्ह्यात येते त्या निर्मलचे जिल्हा प्रशासन यांच्याजवळ त्यासाठी लागणारे आकडे आहेत. आणि त्याच चर्चेत नांदेड शहराचे सांडपाणी त्या बारा दिवसांत खाली कोणत्या अवस्थेत पोचेल, हेही विचारून घ्यावे लागेल.